दोन फटक्यांमधले चालणे : नव्या गोल्फ खेळाडूच्या मनाची तयारी

गोल्फ नव्याने शिकणाऱ्या माणसाला क्लबची (चेंडू मारायच्या काठीची) पकड, उभे राहण्याची ढब आणि स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) शिकवणारे पुष्कळ भेटतात. परंतु सातव्या होलवर, म्हणजे चेंडू भोकात घालण्याच्या अठरापैकी सातव्या टप्प्यावर, लागोपाठ दोन चेंडू पाण्यात गेल्यावर पुढचे दोनशे मीटर कसे चालायचे, हे सहसा कोणी शिकवत नाही. हा लेख त्या दोनशे मीटरांविषयी आहे. एका स्विंगला दोन सेकंदही लागत नाहीत. नवखा खेळाडू अठरा होलच्या फेरीत सव्वाशे फटके मारतो असे धरले, तरी प्रत्यक्ष चेंडू मारण्याचे काम चार मिनिटांत आटोपते, आणि फेरी मात्र साडेचार तास चालते. उरलेल्या वेळात आपण चालतो, थांबतो, चेंडू शोधतो, पुढच्या गटाची वाट पाहतो आणि विचार करत राहतो. क्रिकेटमध्ये अंगावर चेंडू येत असताना फलंदाजाला खंत करायला सवड नसते, कबड्डीत तर श्वास सोडायलाही नसते. गोल्फचा चेंडू मात्र आपण पोहोचेपर्यंत गवतात स्वस्थ पडून राहतो आणि तोवर मनाला मोकळे रान मिळते. या खेळातील आनंद, चिडचिड, भीती आणि निराशा यांचा बहुतेक सगळा व्यवहार या चालण्यात होतो, म्हणून तयारीही चालण्याचीच करावी लागते.

साताऱ्यात राहून खेळणाऱ्याला हे जरा अधिकच जाणवते. पुण्यातील एखादा सभासद आठवड्यातून दोन-तीनदा खेळतो आणि मंगळवारी बिघडलेली फेरी गुरुवारी विसरून जातो. आमची चौघांची टोळी मात्र महिन्यातून फार तर दोनदा, पहाटे साडेचारला पोवई नाक्यावरून निघून, सुमारे 110 किलोमीटर गाडी हाकत पुण्याला जाते, पाहुणे म्हणून मैदानाचे शुल्क भरते आणि ऊन कलायच्या सुमारास घरी परतते. एवढा खटाटोप केल्यावर फेरी चांगली झालीच पाहिजे, असा हट्ट नकळत मनात बसतो. आणि ती बिघडली की तिची कडवट चव पुढचे पंधरा दिवस तोंडात राहते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी सुरुवात केली, तेव्हा पहिले वर्षभर मी या हट्टापायी स्वतःला आणि गाडीतल्या तिघांनाही पुरेसा त्रास दिला. पुढे जे सांगितले आहे, त्यातले बरेचसे त्या वर्षाची शिकवणी आहे.

आदल्या रात्री आपला पार ठरवा

कुशल खेळाडूने एखादा होल जितक्या फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते, त्या आकड्याला पार म्हणतात. होलच्या लांबीप्रमाणे तो तीन, चार किंवा पाच असतो आणि अठरा होलच्या बहुतेक मैदानांवर त्याची बेरीज 72 च्या आसपास भरते. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी आणि एक कमी लागला तर बर्डी. नवख्याच्या दुःखाचे मूळ बहुधा या छापील आकड्यातच असते. पार चारच्या होलवर सात फटके लागले की तो तीन फटक्यांनी नापास झाल्याची नोंद मनात करतो. आणि एका सकाळी अठरा वेळा नापास झालेला माणूस उरलेला दिवस कोणत्या तोंडाने हसत घालवणार?

2020 मध्ये लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत सर्वाधिक हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) 54 चा असतो, म्हणजे ढोबळ मानाने प्रत्येक होलला तीन फटक्यांची सूट. ज्यांनी नियम केले त्यांनीच नवख्याला एवढी सवलत दिलेली असताना आपण ती नाकारण्यात कसला मोठेपणा? म्हणून पहिली पायरी ही, की आदल्या रात्री एका कागदावर अठरा होलचे पार लिहावेत आणि प्रत्येकासमोर त्यात तीन मिळवून आपला स्वतःचा पार पेन्सिलने मांडावा. पार चारचा होल तुमच्यासाठी सातचा आहे, तीनचा सहाचा आणि पाचचा आठचा. पार 72 च्या मैदानावर तुमची बेरीज 126 भरेल. उद्या पार चारच्या होलवर सहा फटके लागले, तर ती तुमची बर्डी आहे. ती कोणाला सांगू नका, पण स्वतःशी जरूर मानून घ्या.

याच पद्धतीतील आणखी एक तरतूद नवख्यांना क्वचितच ठाऊक असते. ज्याला अजून हँडिकॅप मिळालेला नाही, त्याच्या कार्डावर हँडिकॅपच्या हिशेबासाठी कोणत्याही होलला पार अधिक पाच यापेक्षा मोठा आकडा धरला जात नाही. पार चारच्या होलवर नऊ फटके झाले आणि चेंडू अजून भोकाबाहेर आहे, तर तो उचलून खिशात टाकावा, कार्डावर नऊ लिहावेत आणि पुढच्या होलकडे चालू लागावे. शेवटपर्यंत प्रत्येक चेंडू भोकात घालण्याची सक्ती असलेल्या स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत हे चालत नाही, परंतु तशा स्पर्धेत पहिल्या वर्षी उतरण्याचे कारणही नाही. चेंडू उचलण्यात कमीपणा वाटू देऊ नये. मी एका होलवर हट्टाने चौदा फटके मारले होते, त्या वेळी मागच्या गटातील चौघे कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यानंतरच्या चार होलवर माझे हात थरथरत होते. चौदातील शेवटच्या पाच फटक्यांनी मला काय दिले, ते अजून समजलेले नाही.

गच्चीवरच्या जाळीवर फार विश्वास ठेवू नका

आपल्याकडे सरावाची सोय म्हणजे बहुतेकांची गच्ची. एक मजबूत जाळी, हिरवी चटई आणि वीस-पंचवीस चेंडू एवढ्या सामग्रीवर रोज अर्धा तास घाम गाळता येतो, आणि पावसाळ्यात साताऱ्यात पाऊस ठाण मांडून बसतो त्या महिन्यांत, वर पत्रा असेल, तर याखेरीज दुसरे साधन नसते. हा सराव उपयोगाचा आहेच. मात्र त्याचा एक तोटा थेट मनाशी निगडित आहे. जाळीत मारलेला चेंडू कुठे गेला असता, हे कधी कळत नाही; आवाज चांगला आला की आपण तो सरळ गेला असे गृहीत धरतो. त्यामुळे पंधरा दिवस गच्चीवर जो मनाने अजिंक्य असतो, तो मैदानावर पहिल्याच तासात जमिनीवर येतो. मैदानावर गवत ओले असते, पाय उतारावर असतो, वारा असतो आणि चेंडू उजवीकडे वळून झाडीत शिरलेला स्पष्ट दिसतो.

यावर उपाय एवढाच, की सरावाची वही ठेवताना «आज छान लागले» असे लिहू नये. त्याऐवजी मोजता येईल असे काही करावे : दहा पावलांवर बादली ठेवून वीस चेंडू वेजने (जवळचा उंच फटका मारायच्या क्लबने) उचलून टाकावेत आणि किती आत पडले ते लिहावे, दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पाच फुटांवरून पाण्याच्या पेल्याकडे तीस ‘पट’ (जमिनीवरून हलके ढकलायचे फटके) मारून आकडा लिहावा. वीसातून सहा हा आकडा रुचणार नाही, परंतु तो खरा असतो, आणि खरा आकडा घेऊन पुण्याला गेलेला माणूस कमी दुखावतो.

पहिला टी

होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला टी म्हणतात. फेरीतला सर्वांत भीतीदायक फटका हा पहिला असतो, कारण तो लोकांसमोर मारायचा असतो. पुढच्या वेळेचे खेळाडू, कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस), क्लबहाउसच्या व्हरांड्यात चहा पिणारे सभासद असे सगळे आपल्याकडे पाहत आहेत, असे वाटते. त्यांना आपल्यात फारसा रस नसतो, हे मान्य करूनही छातीतली धडधड थांबत नाही, म्हणून तिला थांबवण्याच्या फंदात न पडता तिच्यासह मारता येईल असा फटका निवडावा.

वेळेच्या किमान पाऊण तास आधी पोहोचावे. शिरवळच्या पुढे वाहतूक कधी अडेल याचा भरवसा नसतो आणि गाडीतून उतरून बूट बांधत थेट टीवर जाणाऱ्याची फेरी तिथेच बिघडते. आधी पटिंग ग्रीनवर (पटच्या सरावाच्या हिरवळीवर) दहा मिनिटे काढावीत. तिथे ताकदीचे काम नसल्यामुळे हात आपोआप मंदावतात. त्यानंतर पाच-सहा सावकाश स्विंग करावेत. पहिल्या टीवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढण्याची कोणतीही सक्ती नाही. ज्या क्लबने तुम्ही झोपेतही चेंडू पुढे ढकलू शकता तो क्लब, बहुतेकांच्या बाबतीत सात नंबरचा आयर्न, तिथे बिनदिक्कत वापरावा. आमच्यातले एक काका, जे वयाने सत्तरीला आले आहेत, गेली दोन वर्षे प्रत्येक फेरी सात नंबरनेच सुरू करतात. चेंडू 110 मीटर जातो, मधोमध पडतो, आणि ड्रायव्हर घेऊन झाडीत शिरलेल्या आम्हा तिघांची ते छत्री उघडून शांतपणे वाट पाहतात.

मारण्याआधी ठरावीक क्रम पाळावा आणि तो प्रत्येक फटक्याला तोच असावा. चेंडूच्या मागे उभे राहून कुठे मारायचे ते ठरवावे; वाटेत चेंडूच्या पुढे हातभरावर एखादे पान किंवा गवताची काडी हेरावी; एकदा सरावाचा स्विंग करावा; श्वास पूर्ण सोडावा; चेंडूजवळ जाऊन उभे राहावे आणि मग विचार न लांबवता मारावा. चेंडूवर वाकून जितका वेळ उभे राहाल तितकी शिकवण डोक्यात गर्दी करते : डोके खाली, डावा हात सरळ, कंबर आधी. सूचनांची जागा गच्चीवर आहे. मैदानावर एका फटक्यासाठी एकच सूचना पुरे, आणि तीही सकाळीच ठरवलेली असावी.

क्लब बॅगेत गेला की फटका संपला

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. फटका वाईट गेला की मनात दोन गोष्टी एकापाठोपाठ एक घडतात. आधी राग येतो, तो क्षणाचा असतो आणि स्वाभाविक असतो. त्यानंतर त्या रागाची गोष्ट रचायला सुरुवात होते : मी नेहमी असेच करतो, मला हा खेळ जमणारच नाही, एवढे पैसे उगाच घातले, कॅडी मध्येच हलला. राग विझतो, परंतु गोष्ट पुढच्या चेंडूपर्यंत सोबत चालते आणि पुढचा फटका तीच मारते. रागाला वाव द्यावा आणि गोष्टीला देऊ नये, यासाठी एक ठोस सीमा लागते.

माझी सीमा क्लबची आहे. फटका मारल्यावर क्लब हातात आहे तोवर मला चिडण्याची, पुटपुटण्याची, हवा तर तोच स्विंग पुन्हा करून पाहण्याची मुभा असते. मग मी क्लबचे तोंड पंच्याने पुसतो आणि बॅगेत ठेवतो. क्लब बॅगेच्या तळाला टेकल्याचा आवाज आला की तो फटका संपला. त्याच्याविषयी बोलायचे नाही. पुसण्याचे काम मुद्दाम नीट करावे, कारण हाताला बारीक काम मिळाले की मनाचा वेग कमी होतो. देवपूजेतली भांडी घासणाऱ्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतरच्या चालण्यातही मनाला काहीतरी काम द्यावे. वाऱ्याची दिशा पाहावी, पावले मोजत अंतर काढावे, ग्रीनचा (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा) उतार कोणीकडे आहे ते लांबूनच न्याहाळावे. ज्याला हे जमत नाही त्याने सोबत्याशी खेळाव्यतिरिक्त काहीही बोलावे. आमच्या टोळीत पहिले नऊ होल ऊसदरावर आणि उरलेले मुलांच्या लग्नांवर निघतात. चेंडूपासून वीस पावलांवर आल्यावर बोलणे थांबवून पुन्हा तोच क्रम सुरू करावा. मनाला साडेचार तास एकाग्र ठेवायचे म्हटले तर ते होणे नाही. सव्वाशे वेळा, दर वेळी अर्धा मिनिट मात्र जमू शकते.

क्लब फेकणे, जमिनीवर आपटणे आणि शिव्या देणे याबद्दल एवढेच सांगतो, की ते केल्याने राग कमी झाल्याचे मी कोणाच्याही बाबतीत पाहिलेले नाही, आणि फेकलेला क्लब आणायला शेवटी आपल्यालाच जावे लागते. यात आपण एकटे नाही, एवढा दिलासा मात्र घ्यायला हरकत नाही. आयुष्यभर हौशी म्हणून खेळलेले बॉबी जोन्स 1921 मध्ये एकोणीस वर्षांचे असताना स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटनची ओपन स्पर्धा खेळत होते. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवरच्या बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू बाहेर निघेना, तेव्हा त्यांनी वैतागून तो उचलला आणि स्पर्धा सोडली. हेच जोन्स 1927 मध्ये त्याच मैदानावर ओपन जिंकले आणि 1930 मध्ये ब्रिटन व अमेरिकेच्या ओपन आणि हौशी अशा चारही स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या.

हरवलेला चेंडू आणि दंडाचा फटका

चेंडू झाडीत शिरला की नवख्याची पहिली भावना शरमेची असते, कारण आता चारही जण त्याच्यासाठी काट्यांत वाकणार असतात. इथे नियम माहीत असणे हे मनासाठीही औषध आहे. चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी ती पाच होती. चेंडू हरवण्याची किंवा हद्दीबाहेर जाण्याची शंका येताच, पुढे चालू लागण्यापूर्वीच, «प्रोव्हिजनल मारतो» असे स्पष्ट सांगून त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारून ठेवावा. पहिला सापडला नाही तर एक दंडाचा फटका धरून दुसऱ्यावर पुढे खेळता येते. हे न करता दोनशे मीटर जाऊन, शोधून, पुन्हा मागे फिरावे लागणाऱ्या माणसाची चाल पाहिली की त्या होलचा निकाल पाहावा लागत नाही.

चेंडू सापडला, पण बाभळीच्या बुंध्याशी अडकलेला आहे, अशा वेळी मर्दुमकी गाजवू नये. खेळता न येणारा चेंडू जाहीर करून, एका दंडाच्या फटक्याच्या मोबदल्यात, भोकाच्या जवळ न जाता दोन क्लबच्या लांबीच्या आत चेंडू सोडता येतो. बंकरमध्ये तीन-तीन प्रयत्न फसत असतील, तर दोन दंडाचे फटके स्वीकारून वाळूच्या बाहेर, मागच्या बाजूला चेंडू सोडण्याचीही परवानगी आहे. नवखे खेळाडू दंड म्हणजे शिक्षा समजतात आणि तो टाळण्यासाठी चार फटके वाया घालवतात. तो घाटातला टोल आहे असे समजावे : द्यावा, पावती खिशात ठेवावी आणि पुढे निघावे.

बर्डीनंतरचा होल

वाईट फटक्यानंतर काय करावे, याविषयी पुष्कळ बोलले जाते. चांगल्या फटक्याने होणारे नुकसान मात्र दुर्लक्षित राहते. आयुष्यातला पहिला खरा पार मला एका पार तीनच्या होलवर मिळाला. पुढच्या टीवर मी जाताना अंगात वारे भरले होते, हातात ड्रायव्हर होता आणि मनात त्या दिवशी रात्री घरी काय सांगायचे याची वाक्ये तयार होती. चेंडू टीवरून चार मीटर घरंगळला. आनंदाने पकड घट्ट होते, स्विंग वेगवान होतो आणि आता आपल्याला खेळ सापडला अशी समजूत होते. ती समजूत निराशेपेक्षाही धोक्याची आहे, कारण निराश माणूस निदान सावध तरी असतो. म्हणून क्लब पुसून बॅगेत ठेवण्याचा विधी चांगल्या फटक्यानंतरही तितक्याच निष्ठेने करावा आणि त्यानंतरच्या होलवर मुद्दाम एक पायरी खालचा, कमी लांब मारणारा क्लब घ्यावा.

छोटा पट

भोकाचा व्यास 108 मिलिमीटर असतो आणि चेंडूचा 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नसतो, म्हणजे भोक चेंडूच्या अडीचपट रुंद. तीन फुटांवरून हे भोक घंगाळाएवढे वाटायला हवे, परंतु तो पट चुकला तर लाज वाटेल या विचाराने ते वाटीएवढे होते. तीन फुटांचा पट व्यावसायिक खेळाडू क्वचितच चुकतात. मात्र आठ फुटांवरून त्यांचेही साधारण निम्मेच पट आत जातात, हा आकडा नवख्याने पाठ करून ठेवावा. आठ फुटांवरून चेंडू चुकल्यावर आकाशाकडे पाहून हात पसरण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. लांबच्या पटला भोकाभोवती परातीएवढे वर्तुळ कल्पून त्यात चेंडू थांबवण्याचेच उद्दिष्ट ठेवावे, आणि छोटा पट मात्र मागच्या कडेला लागेल एवढ्या जोराने, निकाल पाहण्यासाठी मान वर न करता मारावा. चेंडू पडल्याचा आवाज कानाने ऐकावा.

सोबतीचे लोक

आपल्याकडे सल्ला देणे हा सौजन्याचा भाग समजला जातो. तिसऱ्या होलपर्यंत सोबतचे तिघेही तुमचा खांदा, गुडघा आणि नशीब यांविषयी मते मांडू लागतात, आणि वयाने मोठ्या माणसाला गप्प बसा म्हणण्याची आपली रीत नाही. फेरी सुरू होण्यापूर्वीच हसत सांगून ठेवावे, की «काका, आज काही सांगू नका, चहाच्या वेळी सगळे एकदम ऐकतो.» हे टीवर चालते, सातव्या होलवर रागाने म्हटले तर चालत नाही.

कॅडी मात्र वेगळा. तो रोज हे मैदान चालतो आणि आपल्यासारखे शेकडो दुःखी लोक त्याने पाहिलेले असतात. एकदा मी पाण्यात गेलेल्या चेंडूकडे बराच वेळ पाहत उभा होतो, तेव्हा पन्नाशीतला कॅडी एवढेच म्हणाला, «साहेब, तो गेला. हा घ्या.» आणि त्याने दुसरा चेंडू हातावर ठेवला. माझ्या खर्चाने घेतलेल्या कोणत्याही शिकवणीपेक्षा मला ते अधिक उपयोगी पडले. कॅडीवर चिडणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत हलके काम आहे. अंतर त्याने सांगितले असले तरी फटका आपण मारलेला असतो.

बाराव्या होलच्या सुमारास येणारी चिडचिड पुष्कळदा भुकेची असते. पहाटेचा चहा आणि दोन बिस्किटे यांवर सहा तास काढलेले असतात. केळे, शेंगदाण्याचा लाडू आणि भरपूर पाणी बॅगेत ठेवावे आणि भूक लागण्याची वाट न पाहता सहाव्या आणि बाराव्या होलला खावे. आपण कंदी पेढेही नेतो, पण ते कॅडीसाठी आणि शेवटच्या होलनंतर.

मधेच बेरीज करू नका

चौदा होल बरे गेले की हात आपोआप कार्डाकडे जातो आणि उरलेल्या चार होलवर किती फटके चालतील याचा हिशेब सुरू होतो. तिथून पुढे खेळाडू चेंडूकडे पाहत नाही, एकूण आकड्याकडे पाहतो. 1999 च्या ब्रिटनच्या ओपनमध्ये स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे फ्रान्सचा ज्याँ व्हान दी वेल्दे शेवटच्या होलवर आला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती, म्हणजे पार चारच्या त्या होलवर सहा फटके लागले असते तरी विजेतेपद त्याचेच होते. त्याला सात लागले आणि पुढे बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. व्यावसायिकाची ही अवस्था होते, तर आपण आपले कार्ड सोबत्याकडे लिहायला द्यावे आणि अठराव्या होलनंतरच पाहावे, हे बरे.

ज्याला आकड्यांचा फारच त्रास होतो, त्याने पहिली एक-दोन वर्षे स्टेबलफर्ड पद्धतीने खेळावे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1932 मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे स्पर्धेत वापरली गेली. हँडिकॅपची सूट धरून होल पारमध्ये झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि दोन किंवा त्याहून कितीही जास्त लागले तरी शून्य. पार चारच्या होलवर चौदा फटके लागले काय आणि नऊ लागले काय, इथे सारखेच. एका होलवरचा अनर्थ त्याच होलवर संपतो, आणि फटक्यांची वाढती बेरीज पाहण्याऐवजी गुण जमत जाताना दिसतात.

लांब मारता न आल्यामुळे खचणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या स्पर्धेत अनेक प्रतिस्पर्धी तिच्यापेक्षा बऱ्याच लांब मारत होत्या. ती त्यांच्या बरोबरीने राहिली ती ग्रीनजवळच्या आणि ग्रीनवरच्या खेळावर, म्हणजे ज्याचा सराव सतरंजीवर करता येतो त्या खेळावर.

आनेवाडीपर्यंत मौन

परतीच्या प्रवासासाठी आमच्या गाडीत एक नियम आहे. खंबाटकी घाट ओलांडून आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत स्वतःच्या फेरीविषयी कोणी बोलायचे नाही. दुसऱ्याच्या चांगल्या फटक्याचे कौतुक केले तर चालते. थकलेल्या अंगाने आणि ताज्या जखमेने केलेले विश्लेषण जवळजवळ नेहमी चुकीचे असते, आणि त्याच भरात माणसे नवा ड्रायव्हर मागवतात किंवा पकड बदलतात. नियम होण्यापूर्वी मी शिरवळजवळच्या एका धाब्यावर बसून मोबाइलवरून नवा पटर मागवला होता. तो अजून माळ्यावर आहे.

आनेवाडीनंतर प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या : दिवसातला एक चांगला फटका, एक चुकीचा निर्णय आणि पुढच्या पंधरा दिवसांत कशाचा सराव करणार ते. «चुकीचा फटका» असे न म्हणता «चुकीचा निर्णय» म्हणण्यामागे कारण आहे. हात कधी साथ देईल हे आपल्या हातात नसते, परंतु झाडीतून सरळ बाहेर काढण्याऐवजी दोन खोडांमधून ग्रीनवर मारण्याचे कोणी ठरवले, याचे उत्तर देता येते. हे तीन मुद्दे वहीत लिहून ठेवावेत आणि घराच्या उंबऱ्याबाहेर बूट काढावेत, तशी फेरीही तिथेच काढून ठेवावी. चार-पाच तास हिरवळीवर फिरून आलेल्या माणसाचे तोंड सुतकी का, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पटेल असे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

महिने जातात तेव्हा

सुरुवातीचे सहा-आठ महिने आकडा भराभर खाली येतो आणि मग एका जागी थांबतो. पुष्कळ जण या टप्प्यावर क्लब विकायला काढतात. इथे हँडिकॅपचा हिशेब कसा होतो ते समजून घेणे फार उपयोगाचे ठरते. पहिला हँडिकॅप मिळवायला एकूण 54 होलची कार्डे लागतात, म्हणजे अठराच्या तीन फेऱ्या. पुढे नोंदी वाढल्या की शेवटच्या 20 फेऱ्यांतील सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरली जाते. उरलेल्या बारा फेऱ्या, त्यांतले सगळे पाण्यात गेलेले चेंडू आणि फेकलेले क्लब यांसह, हिशेबात येतच नाहीत. म्हणजे हँडिकॅप हा आपल्या नेहमीच्या खेळाचा आकडा नसून चांगल्या दिवसाच्या खेळाचा आकडा आहे, आणि बहुतेक दिवशी आपण त्याच्यापेक्षा वाईट खेळणार हे या पद्धतीत मुळातच गृहीत धरलेले आहे. पाचपैकी चार वेळा स्वतःच्या हँडिकॅपपर्यंत न पोहोचणारा खेळाडू बिघडलेला नसतो.

सलग तीन फेऱ्यांनंतरही मैदानावर जाण्याचा कंटाळा राहिला, तर एक पुण्याची खेप चुकवावी आणि त्या रविवारी क्लबला हात न लावता अजिंक्यतारा चढून यावे. त्यानंतरची फेरी पूर्ण अठरा होलची न ठेवता नऊची ठेवावी, बॅगेत चौदाऐवजी पाचच क्लब घ्यावेत : लांबच्या फटक्यांसाठी एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, एक वेज आणि पटर. निवड कमी झाली की टीवरचा घोळ कमी होतो आणि बॅग हलकी झाल्याने चालणे सुखाचे होते. ही नऊ होलची फेरी कार्डाशिवाय खेळावी आणि परतताना, आनेवाडी येण्याआधीच, पुढची तारीख ठरवून चौघांनी आपापल्या मोबाइलवर लावून ठेवावी.